कोणत्या विंगेकडे

नवऱ्याचा पुरुषभर उंचीचा फोटो नाट्यगृहाच्या लॉबीत लागला तर बायकोनं काय करायचं असतं? मान वर करून कौतुकानं बघायचं, डोळे जरा ओले करायचे, आणि कुणी ‘वहिनी, अभिनंदन’ म्हणालं की ‘माझं काय त्यात’ असं म्हणून बाजूला सरकायचं. ती तेवढ्या तयारीनंच आली होती. अध्यक्षांनी दोरी ओढली, दोरी अडकली, कुणीतरी खुर्चीवर चढून ती सोडवली, आणि कापड एकदाचं खाली आलं. टाळ्या पडल्या. फोटो म्हणजे नुसता चेहरा, खांद्यापासून वरचा. मागे सगळा काळोख, पांढरी दाढी, पांढरे केस, आणि एका बाजूला वळलेले डोळे. नाटकातला म्हातारा न्यायाधीश. तिसऱ्या अंकात थोरली मुलगी त्याला विचारते, ‘बाबा, कोर्टात समोर उभा होता तो तुमचाच मुलगा, हे तुम्ही ओळखलं होतं ना?’ आणि म्हातारा लगेच बोलत नाही, तो क्षण. तिच्या शेजारी एक समीक्षक उभे होते, ते पुटपुटले, ‘स्वतःच्या आत बघतोय हो माणूस.’ तिला हसू फुटता फुटता राहिलं. आत कसला बघतोय! वाक्य विसरलाय तो. ही नजर जगात दुसऱ्या कुणाला ओळखता येणार नाही, पण तिला येते, कारण ती नजर तिच्यासाठीच आहे. हा चेहरा अगदी याच जागी, याच प्रश्नानंतर, विंगेकडे वळतो, आणि विंगेत ती बसलेली असते. ती ‘ओळखलं’ एवढाच एक शब्द पुटपुटते, की पुढची सगळी गाडी आपोआप सुटते. ओळखलं होतं, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि तिथून पुढं ते पानभर स्वगत, ज्याच्यावर आजवर लोकांनी किती रुमाल भिजवले असतील कोण जाणे. म्हणजे लॉबीत लागलेला हा फोटो खरं तर आपल्या दोघांचा आहे, आपण तेवढ्या चौकटीबाहेर आहोत, असं तिच्या मनात आलं आणि तिला इतकं बरं वाटलं, की तिनं त्या समीक्षकांना स्वतःहून चहाबद्दल विचारलं. आणि चहाकडे वळता वळता तिनं पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो भलतीकडेच बघतोय.

ती बसते उजवीकडे. प्रेक्षागृहातून पाहिलं तर उजव्या हाताला जी विंग, तिच्यात. रंगपटाची खोली त्याच बाजूला, पाण्याचं पिंप त्याच बाजूला, आणि तिचं स्टूलही तिथंच, एक पाय आखूड असलेलं, ज्याच्याखाली ती पुठ्ठ्याची घडी घालते. गाव बदललं, नाट्यगृह बदललं, तरी बाजू बदलत नाही. नट आंधळा झाला तरी त्याला प्रॉम्प्टर कुठं आहे हे कळलं पाहिजे, असं त्यांचे मॅनेजर म्हणतात, ज्यांना सगळी मंडळी मामा म्हणते. आणि फोटोत तर दादा डावीकडे बघत होता. दादा म्हणजे तिचा नवरा. सगळी कंपनी त्याला दादा म्हणते म्हणून तीही चारचौघांत दादाच म्हणते, घरात ‘अरे’. डावीकडे, डोळ्यांची बुबुळं पार कोपऱ्यात गेलेली, ओठ किंचित उघडे. गर्दीत हात सुटलेल्या पोराला आई दिसावी तशी ती नजर. तीच होती, शंकाच नको. तिची होती, आणि तिच्याकडे नव्हती. हातातल्या कपातला चहा बशीत सांडला. ‘वहिनी, भरून आलं ना?’ असं कुणीतरी म्हणालं. ‘हो ना,’ ती म्हणाली.

डावीकडच्या विंगेत त्या वेळी कोण असतं, हे तिला काही कुणाला विचारायला नको होतं. धाकटी असते. नाटकात धाकट्या मुलीचं काम करते म्हणून तिचं नाव धाकटी पडलं. दादाचं स्वगत संपलं की तिचा प्रवेश, डावीकडून, हातात ट्रे घेऊन. म्हणजे सगळं स्वगत होईपर्यंत ती तिथं उभी, ट्रे धरून, टाचा उचलून, मान पुढे काढून. तिच्या चेहऱ्यावर समोरचा प्रकाश थोडा पडतो. आता दादानं मान तिकडे वळवली तर त्याला काय दिसत असेल, हे बघायला तिला डोळेसुद्धा मिटावे लागले नाहीत. तिनं स्वतःला बजावलं, की आपलं वय काय, आपण विचार काय करतोय! नटाच्या बायकोनं असलं सुरू केलं तर संपलंच. सगळ्या जगातल्या बायका त्याच्या प्रेमात पडतात, पत्रं लिहितात, स्वेटर विणतात, एकीनं तर लोणच्यासारखी बरणी भरभरून वड्या पाठवल्या होत्या, त्या तिनं स्वतः चवीनं खाल्ल्या. तेव्हा काही वाटलं नाही. कधीच वाटलं नाही. कारण बायकांचं काय, त्या त्याच्याकडे बघतात. तो कुणाकडे बघतो हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं, निदान त्या दिवशी दुपारपर्यंत तरी.

ते उत्तर तिनं फुकटात मिळवलं नव्हतं. एके काळी तीही रंगमंचावर उभी राहत होती. मोठं काम नव्हतं, मोलकरणीचं होतं, पण तिच्या तिन्ही वाक्यांना हशा ठरलेला होता, आणि दिग्दर्शक म्हणाले होते की पुढच्या नाटकात तिला थोरल्या सुनेचं काम देऊ. तेव्हा तो काही कुणाचा दादा नव्हता. उंच, हडकुळा, सगळ्यांत उशिरा येणारा आणि सगळ्यांत आधी भांडणारा एक पोरगा होता, आणि त्याला एक रोग होता. पाठांतर चोख असायचं, तालमीत एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही, पण प्रयोगात एखाद्या जागी एकदम पाटी कोरी. पाटी कोरी झाली की घामाघूम व्हायचा, समोरच्या नटाच्या हाताला धरायचा, आणि एकदा तर सरळ आत निघून आला होता. त्या दिवशी ती आपला प्रवेश आटोपून विंगेत उभी होती, मोलकरणीच्या वेषात, हातात केरसुणी. तो बोलता बोलता थांबला. मान वळली. डोळे विंगेत आले आणि तिच्यावर येऊन थांबले. तिला सगळ्यांचीच वाक्यं पाठ असायची, त्यात काय विशेष, कान असले की होतं. तिनं वाक्य टाकलं. त्यानं उचललं. नंतर तो तिच्याकडे आला, आभार वगैरे काही नाही, नुसता म्हणाला, ‘तू इथंच बसत जा ना. तू असलीस की मला भीती वाटत नाही.’ लोक म्हणतात लग्नाची मागणी घालायला धाडस लागतं. तिला विचाराल तर तीच मागणी होती. बाकीचं, अंगठी, नोंदणी, तिच्या आईची रडारड, हा सगळा नंतरचा पसारा. थोरल्या सुनेचं काम दुसऱ्या मुलीनं केलं, बरं केलं. तिनं ते विंगेतून पाहिलं आणि मनात म्हणाली, चालायचंच, तिच्याकडे सगळे बघतात, माझ्याकडे तो बघतो. हा सौदा तिनं राजीखुशीनं केला होता. त्यावर घर उभं होतं, पोरं झाली, मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली, आणि ती आपली स्टुलावर, मांडीवर नाटकाचं बाड, म्हणजे ते कोपरे झिजलेले टाइप केलेले कागद, ज्यात बघायची तिला कधी गरज पडली नाही.

पुढचे दिवस घर तेच होतं, पण प्रत्येक वस्तूला दोन बाजू फुटल्यासारख्या झाल्या होत्या. जेवताना तो डाव्या बाजूला वळून मीठ मागायचा, तर तिला वाटायचं, बघ, डावीकडे. फोन वाजला आणि तो उठून गॅलरीत गेला की तिचे कान हातभर लांब व्हायचे. गॅलरीत तो गुडघ्यांच्या डॉक्टरशी बोलत असायचा, ते ऐकूनही तिचं समाधान व्हायचं नाही. इतका वेळ कुणी गुडघ्यांवर बोलतं का? एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की ते माणसाला स्वतःची अक्कल वापरू देत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मोठ्या बहिणीला याच कारणासाठी तिनं कितीदा झापलं होतं. आणि तोही काही कमी नव्हता. फोटो लागल्यापासून त्याचं डोकं त्या फोटोतच होतं. सकाळी दाढी करायला उभा राहिला की साबण लावलेला चेहरा एका बाजूला वळवायचा, बुबुळं कोपऱ्यात न्यायची, ओठ जरा उघडायचे, आणि आरशात त्या चेहऱ्याची जुळणी करत बसायचा. साबण वाळून जायचा. शेवटी तिनं दारातूनच विचारलं, ‘त्या फोटोत तू कुठं बघत होतास रे?’

‘कुठं म्हणजे?’

‘डावीकडे बघतोयस.’

‘असेन. भूमिकेत होतो मी. भूमिकेत माणूस कुठं बघतो हे त्याला विचारायचं नसतं.’

‘वाक्य विसरला होतास.’

तो आरशातच हसला. ‘हे बाहेर कुठं बोलू नकोस हं. लोक त्याला अंतर्मुख म्हणतायत. वर्तमानपत्रात आलंय.’

‘माझ्याकडे नाही बघितलंस मग?’

‘अगं, काय हे सकाळी सकाळी! तुझ्याकडे नाही तर कुणाकडे बघणार? मामांकडे?’ आणि त्यानं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. इतक्या सहज बोलला, की तिला ते पाठ केलेलं वाक्य वाटलं. पण त्याला पाठ केलेली वाक्यं आठवत नाहीत, हेही तिलाच ठाऊक. या एवढ्या विचारावर तिनं अख्खी दुपार काढली, आणि भाजी करपली.

आठवड्याच्या मधल्या एका वारी तालीम होती, एका नवीन नटासाठी. धाकटी आली ती थेट तिच्याकडेच. ‘वहिनी, तुमच्या खोकल्याला हे घ्या, माझी आई घेते,’ म्हणून तिनं पिशवीतून एक बाटली काढून हातात ठेवली. पोरगी चांगली होती, तेच तर दुखणं होतं. वाईट असती तर तिचा राग करून मोकळं होता आलं असतं. तिनं बाटली घेतली, ‘कशाला ग एवढं’ म्हणाली, आणि धाकटीच्या गळ्याकडे, कानांमागच्या केसांकडे, नखांकडे बघत राहिली. हिच्यात काय आहे? मग तिला वाटलं, काही असायची गरजच काय. त्याला काय लागतं? एक चेहरा, ठरलेल्या जागी, वाक्य माहीत असलेला. हिलाही आता सगळं नाटक पाठ असणार, रोज ट्रे धरून ऐकते ती. आणि एखाद्या दिवशी त्याची मान चुकून इकडे वळण्याऐवजी तिकडे वळली असेल, धाकटीचे ओठ हलले असतील, आणि त्याला तेही चाललं असेल. त्यांच्यात दुसरं काही असतं, चोरून भेटणं, हॉटेलातल्या खोल्या, तर ती रडली असती, भांडली असती, कदाचित माफही केलं असतं; घरोघरी मातीच्या चुली. पण एक शब्द, तो एकच शब्द, धाकटीनं दिला असेल आणि त्यानं घेतला असेल, हे तिला सहन होईना. छातीत सुईसारखं काहीतरी होतं, खोकल्याचं औषध घेऊन जाण्यातलं नव्हतं. ती बाटली तिनं मामांना देऊन टाकली. मामा बारा महिने मफलर गुंडाळून असतात, त्यांना कुठलंही औषध चालतं.

आणि मग ती फोटोग्राफरकडे गेली. कुणाला सांगितलं नाही, दळण टाकायला चालल्यासारखी पिशवी घेऊन निघाली. धोब्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ होता. खालच्या इस्त्रीची वाफ आणि वरच्या औषधांचा आंबट वास जिन्यात एक झालेला. भिंतीवर पासपोर्टचे चेहरे ओळीनं, सगळ्यांना कुणीतरी आत्ताच रागावल्यासारखे. फोटोग्राफर बिस्किटं खात होता, तो धडपडत उठला. ‘वहिनी! निरोप पाठवायचा ना, मीच आलो असतो!’

‘घरी लावायला एक लहान प्रत हवी होती. तो लॉबीतला.’ विचारायचं दुसरंच होतं, पण ते कसं विचारतात? माझा नवरा त्या दिवशी कुणाकडे बघत होता हो?

‘लहान म्हणजे आहेच की,’ म्हणून त्यानं कपाटातून एक पाकीट काढलं, बोटं सदऱ्याला पुसली, आणि एक छाप तिच्यासमोर टेबलावर ठेवला. तोच चेहरा. तीच दाढी, तेच ओठ. डोळे उजवीकडे.

‘हा उलटा छापलाय तुम्ही,’ ती म्हणाली.

‘हा सुलटा आहे, वहिनी. लॉबीतला उलटा आहे.’ मग तो खुर्ची ओढून तिच्याजवळ आला आणि आवाज उगाचच खाली आणला. ‘आता तुमच्यापासून काय लपवायचं. लॉबीत ती एकच भिंत मोकळी. आणि तिच्या उजव्या हाताला काय आहे सांगा बघू? पुरुषांची मुतारी. सेक्रेटरी म्हणाले, अहो, एवढा मोठा नट, आणि आम्ही त्याला आयुष्यभर मुतारीकडे बघत ठेवायचं? येणारे-जाणारे काय म्हणतील! मग फिरवला. फिल्म पालथी घातली की झालं. आता दाराकडे बघतायत दादा, येणाऱ्यांचं स्वागत केल्यासारखं. कुणाच्या लक्षात आलं नाही. खुद्द दादांच्याही नाही.’

ती हसली. आधी तोंड दाबून, मग तोंड उघडून, मग टेबलाला धरून. फोटोग्राफर बिचारा पाणी आणायला धावला. मुतारी! या मुतारीपायी तिनं किती रात्रींची झोप घालवली, भाजी करपवली, पोरीचं औषध देऊन टाकलं. तो उजवीकडेच बघत होता. बघणारच. ‘तुझ्याकडे नाही तर कुणाकडे?’ असं म्हणाला होता आणि खरं बोलला होता, आणि आपण मेलं काय काय मनात आणत बसलो. डोळे पुसता पुसता ती त्या छापावर वाकली आणि त्या चेहऱ्याकडे पोटभर बघून घेतलं. किती दिवसांनी घरी आल्यासारखं वाटत होतं. एवढा आनंद झाला की माणसाला हाव सुटते. तिला सुटली. तो तिच्याकडे बघतोय, म्हणजे चौकट जरा मोठी असती तर त्या टोकाला ती स्वतः असणार, स्टुलावर, तिच्याही नकळत टिपलेली. तिचा एकही फोटो नव्हता विंगेतला. कोण काढणार?

‘हा कापलेला आहे ना?’ तिनं विचारलं. ‘मला अख्खा हवाय.’

‘अख्खा नको हो. कडेला कचरा आलाय.’

‘असू दे ना कचरा.’ कचरा म्हणजे आपण, या कल्पनेची तिला गंमत वाटली.

त्यानं नाइलाजानं दुसरं पाकीट उघडलं. त्या छापात दादा लहान दिसत होता, मधोमध, प्रकाशाच्या गोलात. छापात उजव्या हाताला अंधार, पडद्याची घडी, आणि त्या घडीच्या पलीकडे, अगदी कडेला, तिचं स्टूल. स्टुलावर मामा. गळ्यात मफलर, चष्मा कपाळावर चढवलेला, बाड नाकाला टेकलेलं, आणि तोंड अर्धवट उघडं, जांभई देता देता शब्द शोधल्यासारखं.

‘तुम्ही नव्हतात ना तेव्हा,’ फोटोग्राफर म्हणाला. ‘बहिणीचं ऑपरेशन होतं वाटतं. मामांची धांदल बघण्यासारखी होती. पण दादांचे डोळे बघा! देवाशपथ सांगतो, मी इतकी वर्षं चेहरे काढतोय, असं बघणं मिळत नाही.’

तिनं बघितलं. दादाचे डोळे, मग मामा, मग पुन्हा दादाचे डोळे. काहीतरी कमी असेल, एखादी छटा, ती मामांवर पडताना फिकी झाली असेल, म्हणून ती शोधत राहिली. काही कमी नव्हतं. तीच नजर, तोच भरवसा, आई दिसलेल्या पोरासारखी, पुरेपूर, मामांच्या जांभईवर ओतलेली. तिला आठवलं, बहिणीच्या दवाखान्यात तिला त्याचा फोन आला होता. ‘मामांनी वाट लावली सगळी, तू नाहीस तर मला काही सुचत नाही,’ असं म्हणाला होता तो, आणि ती बहिणीच्या उशाशी बसून, लाजच वाटावी इतकी, खूश झाली होती. वाट कुठं लागली होती? हा तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो. आता जळायचं तरी कुणावर? मामांवर? त्या खोकणाऱ्या, तपकीर ओढणाऱ्या, पानं उलटताना बोट चाटणाऱ्या म्हाताऱ्यावर? आणि खरं सांगायचं तर ती जळत होती. धाकटीवर जळली त्याच्या दसपट. धाकटी असती तर तिनं काहीतरी हिरावून घेतलं असतं. मामांनी काही हिरावलं नव्हतं. ते नुसते तिच्या जागी बसले होते, आणि जागा तिची नव्हतीच, स्टुलाची होती.

‘देऊ हा?’ फोटोग्राफरनं विचारलं.

‘नको. कापलेलाच द्या,’ ती म्हणाली.

रविवारी दुपारचा प्रयोग होता आणि नाट्यगृह तुडुंब. लॉबीत लोक फोटोखाली उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. ती मान खाली घालून मधून निघून गेली. घरी तिनं काही बोलून दाखवलं नव्हतं. बोलणार काय? ‘तू मामांकडे का बघितलंस’ असं? तो हसून हसून खुर्चीतून पडला असता, आणि रात्री पार्टीत सगळ्यांना रंगवून सांगितलं असतं. पहिला अंक झाला, दुसरा झाला. ती शब्द न शब्द त्याच्याबरोबर मनात म्हणत होती, ओठ आपले चालत होते, आणि मन भलतीकडेच. तिसऱ्या अंकाला पडदा वर गेला तेव्हासुद्धा तिनं काही ठरवलेलं नव्हतं, हे शपथेवर सांगता येईल. थोरली मुलगी पुढे आली. तिनं विचारलं, ‘बाबा, कोर्टात समोर उभा होता तो तुमचाच मुलगा, हे तुम्ही ओळखलं होतं ना?’ म्हाताऱ्याचे ओठ जरा उघडले. मान वळली. डोळे विंगेत आले, तिच्यावर आले. आणि तिनं तोंड मिटलं.

शब्द जिभेवर होता. तो तिथंच ठेवला तिनं, दातांच्या आत. एकदा, एकदाच कळू दे याला, इथं कोण बसलंय ते. त्यानं घाबरावं, घामाघूम व्हावं, पूर्वीसारखं, आणि मग शब्दासाठी नाही, तिच्यासाठी बघावं. भुवई उंचवावी, डोळ्यांनी म्हणावं, अगं, काय झालं, तुला बरं नाही का? एवढंच. यासाठी ती नाटक पाडायला निघाली होती, त्याचं नाव, तिकीट काढून बसलेली एवढी माणसं, सगळं पणाला लावून. प्रेक्षागृहात कुणी खोकत होतं ते थांबलं. थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, तिचा हात रिकाम्या टेबलावर काहीतरी शोधू लागला. समोर, डावीकडच्या विंगेत, धाकटीच्या ट्रेमधले पेले किणकिणले. मागून मामांचा घोगरा आवाज, ‘वहिनी! अहो वहिनी! शब्द द्या!’ आणि त्याचे डोळे तसेच. ती जीव मुठीत धरून त्या डोळ्यांत शोधत होती. भीती नव्हती. प्रश्न नव्हता. तो तिच्यावर अगदी निवांत नजर ठेवून उभा होता. मागे खुर्ची आहे की नाही हे न बघता माणूस घरात कसा बसतो, तसा. ती देणार नाही, हे त्याच्या मनालाही शिवलेलं नव्हतं. हा अपमान आहे की याहून मोठं प्रेम जगात नसतं, हे तिला काही केल्या ठरवता येईना. तिला त्याचा इतका राग आला, आणि इतकी कीव आली, आणि तो इतका सुंदर दिसत होता, की तिचे ओठ तिला न विचारताच उघडले. ‘ओळखलं,’ ती म्हणाली.

‘ओळखलं होतं,’ म्हातारा म्हणाला. ‘पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.’ आणि प्रेक्षागृहातून एक हुंदका आला, एका माणसाचा नव्हे, सगळ्यांचा मिळून. असा कधी आला नव्हता. स्वगत संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. धाकटी ट्रे घेऊन तशीच खोळंबून राहिली.

पडदा पडल्यावर तो सरळ तिच्याकडे आला. दाढीच्या कडेनं घाम गळत होता. भोवती मामा होते, थोरली होती, पाण्याचा पेला घेऊन कुणीतरी उभं होतं. त्याला त्यातलं कुणी दिसत नव्हतं. त्यानं तिचं मनगट धरलं.

‘आज थांबलीस तू.’

‘हो.’

‘मुद्दाम?’

‘मुद्दाम,’ ती म्हणाली. आता विचारेल, का म्हणून. आता तिला सगळं सांगावं लागेल. मुतारी, मामा, दवाखान्यातला फोन, मोलकरीण, केरसुणी, सगळं.

त्याचा चेहरा उजळत गेला. ‘कमाल केलीस! अगं, तो थांबाच पाहिजे होता तिथं. इतकी वर्षं मी शोधतोय, मला सापडत नव्हता. हे बघ, रोज एवढंच थांबत जा. याच्यापेक्षा कमी नाही, जास्त नाही.’ मग मागे वळून त्यानं मामांच्या खांद्यावर हात टाकला, आणि पुन्हा तिला म्हणाला, ‘आणि मामांनाही एकदा नीट दाखवून ठेव. तू कधी नसलीस तर पंचाईत नको.’

मामा लगेच पुढे झाले, चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि बाड घ्यायला हात पुढे केला.

‘मामांना नाही जमायचं ते,’ ती म्हणाली.

‘जमायचं काय त्यात? नुसतं गप्प तर बसायचं.’

‘नाही जमायचं म्हटलं ना,’ ती म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं बाड दोन्ही हातांनी छातीशी आवळलं, आणि मामांचा हात तसाच पुढे राहिला.